तारेवाचून काय अडते?

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेच्या साधारण मध्यावर तामलवाडी लागते. १९४८पर्यंत निजामाच्या राज्याची हद्द याच टापूत सोलापूर जिल्ह्याला भिडत असे. आज तेथे महामार्गाचा टोलनाका आहे आणि नाक्याच्या आगेमागे चहा-भज्यांची हॉटेले आहेत. २०२३ साली जिल्ह्याचे नाव उस्मानाबादचे धाराशिव झाले, रस्ता चौपदरी झाला. पण कोजागिरीला तुळजाभवानीच्या दर्शनासाठी सोलापुरातून पायी निघालेली माणसे अजूनही याच गावावरून जातात.

गेल्या उन्हाळ्यात एका स्नेह्यांच्या नव्या गाडीतून आम्ही या रस्त्याने जात होतो. गाडीत गियरच्या पुढ्यात रबरी तळाचा एक कप्पा होता. त्यात फोन नुसता ठेवला की चार्ज होतो, असे स्नेह्यांनी कौतुकाने सांगितले. सोलापूर सोडताना आम्ही फोन ठेवला. तामलवाडीला चहासाठी उतरताना उचलला, तेव्हा तो चांगलाच तापला होता आणि बॅटरी जेमतेम तीन टक्के वाढली होती. रस्त्याच्या हादऱ्यांनी फोन कप्प्यात इंचभर सरकला होता, एवढेच कारण. हॉटेलात गल्ल्यामागच्या फळीवर पाच-सहा प्लगांचा बोर्ड होता आणि त्यातून वायरींचा झुबका लोंबत होता. मालकांनी आमची अडचण ओळखली. "लावा की सर वायरला, बोर्ड मोकळाच हाय," ते म्हणाले. चहा, भजी आणि गप्पा होईपर्यंत फोन निम्म्यावर आला.

प्रसंग क्षुल्लक आहे. पण पुढे तुळजापूरपर्यंत गाडीत वाद रंगला तो यावरूनच. बिनतारी चार्जिंग ही खरोखर कामाची गोष्ट आहे, की नव्याचे नऊ दिवस? स्नेह्यांचे म्हणणे असे की प्रत्येक नव्या सोयीला आपण आधी हसतो आणि मग तिच्यावाचून आपले अडते. आमचे म्हणणे असे की वायर लावण्याच्या दोन सेकंदांचा कंटाळा हा प्रश्नच नव्हे, मग त्याचे उत्तर विकत कशाला घ्यायचे? दोघांपैकी कोणाचेही म्हणणे पुरते खरे नाही, असे नंतर इतिहास चाळताना लक्षात आले. तो इतिहास येथे थोडक्यात मांडतो आहोत.

१

सुरुवात शब्दापासून करणे बरे. मराठीत 'तार' या एका शब्दाने दीडशे वर्षांत बरेच ओझे वाहिले आहे. सतारीची तार आधीपासून होतीच. १८५०च्या दशकात हिंदुस्थानात विजेच्या तारायंत्राचे जाळे उभे राहिले आणि 'तार' म्हणजे निरोप असा अर्थ रूढ झाला. तार 'आली' की घरात आधी रडारड सुरू व्हावी आणि मग पाकीट फोडावे, असा तो काळ. सरकारी तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली. नव्या पिढीच्या विद्यार्थ्याला जुन्या कथेतली 'तार आली' ही दोन पदे समजावून सांगावी लागतात, हा वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव असेल.

या तारेला नकार देणारा 'बिनतारी' हा शब्द आपल्याकडे आला तो 'बिनतारी संदेश' या जोडीतूनच. पोलीस खात्याच्या बिनतारी विभागाने तो कचेरीच्या भाषेत टिकवला. बोलण्यात मात्र 'वायरलेस' राहिला, आणि आता दुकानातल्या खोक्यावरही 'वायरलेस चार्जर' असेच असते. म्हणजे संदेशासाठी घडलेला शब्द आपण विजेला चिकटवला. हे चिकटवणे वाटते तितके निरुपद्रवी नाही. संदेशाला तारेवाचून जाता आले म्हणून विजेलाही जाता येईल, ही समजूत त्या शब्दातच दडलेली आहे.

क्रियापदांकडेही पाहावे. आपण फोन 'चार्जिंगला लावतो'. दिवा लावतो, झाड लावतो, गुरांना चाऱ्याला लावतो, तसा. लावण्यात जोडणे आहे, थोडी निगुती आहे. बिनतारी चार्जरवर फोन 'ठेवायचा' असतो. आजवर 'फोन ठेवला' म्हणजे बोलणे संपवले. आता त्याचाच अर्थ खाऊ घातला असा होऊ पाहतो आहे. उपकरणे बदलली की आधी क्रियापदे हलतात, संज्ञा सावकाश हलतात.

२

तारेवाचून संदेश जाण्याचा इतिहास हा विजयाचा इतिहास आहे. १८९५च्या सुमारास जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युत-चुंबकीय लहरी भिंतींच्या आरपार पाठवून पलीकडची घंटा वाजवून दाखवली, बारुदाचा स्फोट घडवून दाखवला. डिसेंबर १९०१मध्ये अटलांटिक महासागर ओलांडून संकेत मिळाल्याचे मार्कोनीने जाहीर केले. १९२७ साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी सेवा सुरू झाली, तेव्हा तिची दोन्ही केंद्रे महाराष्ट्रात होती: संदेश पाठवायचे पुण्याजवळच्या खडकीतून आणि घ्यायचे दौंडला. सोलापूरच्या रेल्वेवाटेवर भीमेकाठी वसलेल्या दौंडात लंडनचे बाजारभाव हवेतून उतरत असतील, ही कल्पना आज मौजेची वाटते; त्या काळी तो व्यवहार होता.

बिनतारीचे खरे मोल मात्र आमच्या या जिल्ह्याने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे जाणले. किल्लारीचा भूकंप लातूर जिल्ह्याइतकाच तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यालाही झाला. उमरगा-लोहाऱ्याकडची गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. टेलिफोन मुका झाला असताना हौशी रेडिओचालकांनी आपले संच आणून निरोपांची ने-आण केली. या मंडळींना एरवी 'हौशी' म्हणतात, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ज्या गोष्टीला आदल्या दिवसापर्यंत हौस म्हणत होते तीच त्या आठवड्यात गरज ठरली. हौस आणि गरज यांच्यातली सीमा वस्तूत नसते, प्रसंगात असते.

याच काळात तारेवाचून वीज पाठवण्याचे स्वप्नही पाहिले गेले. ते स्वप्न निकोला टेस्लाचे. १८९१ साली न्यूयॉर्कच्या व्याख्यानात त्याने हातातल्या नळ्या कोणत्याही तारेशिवाय उजळवून दाखवल्या. १९०१पासून लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथे सुमारे १८७ फूट उंचीचा मनोरा त्याने उभारायला घेतला. पैसा जे. पी. मॉर्गन या सावकाराचा. आधी महासागरापार निरोप आणि पुढे घरोघर वीज, दोन्ही तारेवाचून, असा बेत होता. मॉर्गनने आणखी पैसे देण्याचे नाकारले, काम थांबले, आणि १९१७ साली तो मनोरा पाडून टाकण्यात आला. टेस्लाच्या चरित्रांत या पाडकामावर हळहळ व्यक्त करण्याची पद्धत आहे, आणि 'भांडवलदारांनी फुकटची वीज मारली' अशी कथाही हौसेने सांगितली जाते. कथा म्हणून ती छान आहे. पण भांडवलदार नसता तरी भौतिकशास्त्र होतेच.

अडचण अशी की संदेश आणि ऊर्जा या दोन वस्तूंचा स्वभाव वेगळा आहे. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी चहूकडे पसरतात आणि अंतराबरोबर वेगाने क्षीण होतात. आपल्या फोनला बोलणे ऐकू येण्यासाठी एका वॅटचा अब्जावा हिस्सा मिळाला तरी पुरतो. बाकीचे सगळे आकाशात विरले तरी कोणाची तक्रार नसते. तोच फोन चार्ज व्हायला पाच-दहा वॅट लागतात, आणि ते सगळेच्या सगळे पोचावे लागतात. अर्थ कणभराने पोचतो. पोट कणभराने भरत नाही.

याची उत्तम साक्ष तामलवाडीच्या शिवारात मिळते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' या नावाने पंप फोनवरून चालू-बंद करण्याचे यंत्र तयार केले. आज अशा प्रकारचे 'मोबाईल स्टार्टर' कित्येक शेतांत दिसतात. मध्यरात्री वीज आली तर अंथरुणातून फोन लावायचा आणि विहिरीवरची मोटार सुरू करायची. अंधारात, विंचूकाट्यात, थंडीत जायला नको. हुकूम बिनतारी जातो. पण पाच हॉर्सपॉवरची मोटार फिरवणारी वीज खांबावरच्या तारेनेच यावी लागते. तार तुटली असेल तर फोनवरून कितीही हुकूम सोडा, पाटात पाणी येत नाही.

३

मग फोनखालचे ते तबक चालते कसे? त्याचे मूळ टेस्लाच्या मनोऱ्यात नाही, त्याहून जुन्या आणि फार साध्या गोष्टीत आहे. १८३१ साली मायकेल फॅरडेने दाखवले की एका कुंडलातला विद्युतप्रवाह बदलला की शेजारच्या, त्याला न जोडलेल्या कुंडलातही प्रवाह उत्पन्न होतो. शाळेच्या पुस्तकात याला विद्युत-चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. बिनतारी चार्जरमध्ये तांब्याच्या तारेचे एक चपटे कुंडल असते, फोनच्या पाठीत दुसरे. दोघांत काही मिलिमीटरांचे अंतर. पहिल्यातला प्रवाह सेकंदाला लाखभराहून अधिक वेळा दिशा पालटतो, भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि दुसऱ्यात वीज जागी होते. अंतर वाढले किंवा कुंडले एकमेकांवरून सरकली की हे नाते तुटू लागते, आणि पोचू न शकलेल्या विजेचा बराच भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. आमचा फोन गाडीत तापला तो असा.

गंमत अशी की हे तत्त्व खेड्याला मुळीच नवे नाही. गावाच्या कडेला दोन खांबांवर बसवलेली 'डीपी', म्हणजे कागदोपत्रीचे रोहित्र, हेच करते. तिच्या पोटात तेलात बुडवलेली दोन कुंडले असतात. एकात उच्च दाबाची वीज येते, दुसऱ्यातून घराला चालेल अशी निघते, आणि त्या दोहोंमध्ये तारेचा सांधा नसतो. आपल्या घरातला प्रत्येक दिवा वाटेत कोठेतरी असे एक बिनतारी अंतर ओलांडून आलेल्या विजेवर लागतो. फरक इतकाच की डीपीत दोन्ही कुंडले एकाच लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली असतात, त्यामुळे चांगल्या रोहित्रात शंभरातले दोन-तीन टक्केच वाया जातात. फोन आणि तबक यांच्यात असा सामाईक गाभा ठेवता येत नाही. ठेवला तर फोन उचलता येणार नाही. उचलता येण्याची किंमत म्हणजे ती उष्णता.

आणि 'बिनतारी' म्हणताना हेही पाहावे की त्या तबकाला स्वतःची वायर असतेच. ती भिंतीच्या प्लगात जाते. आतल्या दोन्ही कुंडलांतली तार उलगडली तर मीटरच्या मापाने भरेल. तार नाहीशी झालेली नाही. ती नजरेआड झाली आहे.

४

फोनच्या बाजारात ही गोष्ट आली ती अगदी अलीकडे. विजेवर चालणाऱ्या दात घासण्याच्या ब्रशांत प्रवर्तनाने चार्ज होण्याची सोय कित्येक दशकांपासून होती, आणि तिचे कारण सरळ होते: ओल्या न्हाणीघरात उघडा विजेचा सांधा नको. २००७ साली अमेरिकेतील एमआयटी संस्थेत मारिन सोल्याचिच आणि सहकाऱ्यांनी दोन मीटर अंतरावरचा ६० वॅटचा दिवा तारेवाचून लावला. पोचलेली ऊर्जा होती सुमारे चाळीस टक्के. या संशोधनामागची कथा घरगुती आहे. बायकोचा मोबाईल बॅटरी संपत आली की रात्री पिक्‌पिक्‌ करून झोपमोड करत असे, त्यावरून सोल्याचिच यांना ही कल्पना सुचली.

२००८ साली कंपन्यांचा एक संघ स्थापन झाला आणि २०१० साली त्याचे पहिले मानक आले. त्याचे नाव चिनी भाषेतून घेतलेले: 'ची', म्हणजे प्राणशक्ती. मराठी कानाला तो षष्ठीचा प्रत्यय वाटतो आणि मागे कोणीतरी नाम विसरले असावे असा भास होतो. या मानकाची पहिली क्षमता पाच वॅट. त्याआधी २००९ साली पामने आपल्या फोनसाठी वेगळे चुंबकी तबक काढले होते. २०१२ साली नोकियाच्या ल्युमिया ९२०मध्ये ची आले, २०१७ साली ॲपलच्या फोनमध्ये. मध्यंतरी प्रतिस्पर्धी मानकांची भांडणे झाली. २०१४ साली स्टारबक्सने अमेरिकेतल्या आपल्या दुकानांतली टेबले एका मानकाची करायला घेतली आणि ग्राहकांचे बरेच फोन दुसऱ्याच मानकाचे निघाले. ॲपलने सप्टेंबर २०१७मध्ये तीन उपकरणे एकदम चार्ज करणारे तबक जाहीर केले आणि मार्च २०१९मध्ये ते जमत नसल्याचे सांगून मागे घेतले. पुढे २०२०पासून तबकात आणि फोनमध्ये चुंबक बसवण्यात आले, म्हणजे फोन आपोआप नेमक्या जागी चिकटावा. २०२३च्या 'ची-टू' मानकाने हीच युक्ती सर्वांसाठी खुली केली. ज्याला आपण 'नुसते ठेवणे' म्हणत होतो ते इतके सोपे नव्हते, याची ही कबुलीच आहे. चिकटवण्यासाठी चुंबक लागला, म्हणजे पुन्हा एका अर्थी 'लावणे'च आले.

आता खर्चाचा हिशेब. २०२० साली एका अमेरिकी पत्रकाराने एकच फोन दोन्ही प्रकारे रिकाम्यापासून भरेपर्यंत चार्ज करून वीज मोजली. वायरने सुमारे १४ वॅट-तास लागले, तबकावर सुमारे २१. म्हणजे जवळजवळ निम्मी वीज जास्त. हा आकडा ऐकला की आमच्यासारख्यांच्या अंगात लगेच उपदेशक संचारतो. पण गणित पुरे करून पाहावे. रोज सात वॅट-तास जास्त धरले तर वर्षाला होतात अडीच युनिट. पाच हॉर्सपॉवरची मोटार एवढी वीज चाळीस मिनिटांत खाते. घरगुती बिलात हा फरक वर्षाकाठी पंधरा ते तीस रुपयांचा. एका माणसाने तबक वापरले म्हणून शेताचे पाणी तुटत नाही. एक कोटी फोन रोज असे चार्ज झाले तर मात्र वर्षाला अडीच कोटी युनिट नुसती उष्णता होऊन जातात. ज्या गोष्टी एकेकट्याच्या पातळीवर नगण्य आणि समूहाच्या पातळीवर मोठ्या असतात, त्यांच्याविषयी बोलण्याची भाषा आपल्याकडे अजून घडायची आहे.

आमच्या मते विजेच्या नासाडीपेक्षा दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत: वेळ आणि ऊब. २००५ ते २०१२ या वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने जे भारनियमन सोसले त्याची आठवण जुनी झालेली नाही. दिवसाचे दहा-बारा तास वीज नसे. 'लाईट आली' हा पुकारा झाला की गिरणी, मोटार आणि मोबाईल या तिघांची एकदम घाई उडे. ज्याच्याकडे वीज मोजक्या वेळच असते त्याला जलद भरणारे साधन हवे, आणि जलद भरते ती वायर. आजही स्वस्तातल्या फोनची वायर बहुतेक तबकांच्या पुढे असते. दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. लिथियमची बॅटरी जितकी तापते तितकी लवकर म्हातारी होते, आणि फार तापली तर फोन स्वतःच चार्ज होणे थांबवतो. धाराशिवचा मे महिना चाळीस अंशांच्या पलीकडे असतो. वातानुकूलित खोलीत बसून आखलेल्या सोयीची येथे परीक्षा होते आणि ती बहुधा नापास होते.

५

मग स्नेह्यांचे म्हणणे अगदीच फोल का? तसेही नाही. फोनचे बारीक छिद्र धुळीने, पावसाने, वायर ओढण्या-खुपसण्याने खराब होते, आणि ते बिघडले की चांगला फोन निकामी होतो. तेथे पाठीतले कुंडल उपयोगी पडते. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना कमी दिसते, त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ते छिद्र शोधणे हा रोजचा अपमान असतो. त्यांच्यासाठी तबक म्हणजे चैन म्हणता येणार नाही. आम्हाला 'वायर लावण्याचे दोन सेकंद' दिसले, ते आमच्या हातांच्या हिशेबाने.

आणि एक जागा अशी आहे की तेथे या तत्त्वावाचून खरोखरच अडते. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लियर इम्प्लांट बसवतात, तेव्हा उपकरणाचा एक भाग शस्त्रक्रियेने कानामागे त्वचेखाली जातो. त्याला बॅटरी नसते. बाहेर, केसांत, चुंबकाने चिकटलेले एक छोटे कुंडल असते, आत दुसरे. बाहेरचे कुंडल त्वचेच्या आरपार ध्वनीचा संकेत पाठवते आणि तो समजून घ्यायला लागणारी वीजही पाठवते. येथे वायर न्यायची म्हणजे कातडीत कायमचे भोक ठेवायचे आणि जंतूंना वाट द्यायची. केंद्र सरकारच्या योजनेतून गरजू घरांतल्या मुलांना हे उपकरण मिळते, आणि त्या कामाची सूत्रे मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेकडे आहेत. ज्यांचे नाव संस्थेला आहे ते अली यावर जंग निजामाच्या हैदराबादेतले, पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. आम्ही भाषा शिकणारी आणि शिकवणारी माणसे. एखादे मूल 'आई' हा शब्द पहिल्यांदा ऐकते ते दोन कुंडलांमधल्या चार-सहा मिलिमीटरांच्या बिनतारी वाटेने, हे कळल्यावर या तत्त्वाला नवलाई म्हणण्याची आमची हिंमत झाली नाही.

दात घासण्याचा ब्रश, कानामागचे कुंडल, डीपी, भूकंपातला रेडिओ हे सारे एका रांगेत ठेवून पाहिले तर कसोटी सापडते. जेथे तार जाऊ शकत नाही किंवा जाऊ नये, तेथे बिनतारी ही गरज. जेथे तार जाते पण ती लावणे कोणाला जड आहे, तेथे ती सोय. आणि जेथे तार हाताशी आहे, हातही धड आहे, फक्त ती नजरेला नको आहे, तेथे ती हौस. फोनचे बिनतारी चार्जिंग बहुतेकांसाठी तिसऱ्या प्रकारात बसते, काहींसाठी दुसऱ्यात. हौसेत वाईट काही नाही. तिला गरजेचे नाव देऊन विकू नये, इतकेच. चिंता एवढीच वाटते की उद्या एखादी कंपनी फोनचे छिद्रच बुजवून टाकील. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून फोनला एकच प्रकारचे छिद्र सक्तीचे केले, पण तो नियम वायरने चार्ज होणाऱ्या फोनपुरता आहे. केवळ तबकावर चार्ज होणारा फोन त्यातून सुटतो. तसे झाले तर हॉटेलमालकांचा तो मोकळा बोर्ड आमच्या कामाचा राहणार नाही, आणि ज्याची वीज मोजकी त्याला हळू भरणारेच साधन घ्यावे लागेल. हौस दुसऱ्यावर लादली गेली की ती जाच होते.

घटस्थापनेच्या आगेमागे याच रस्त्यावर दुसरे एक दृश्य दिसते. गावोगावच्या मंडळांची पोरे तुळजापूरला भवानीच्या मंदिरात ज्योत पेटवून घेतात आणि ती पळत पळत आपल्या गावी नेतात. तामलवाडीवरून अशा कितीतरी ज्योती जातात. एका मशालीवरून दुसरी पेटते, पहिलीचे काही उणे होत नाही. वाटेत दमलेल्याच्या हातून ताज्या दमाचा पोरगा ती घेतो. पण ज्योतीच्या मागे एक टेम्पो चाललेला असतो आणि त्यात तेलाचा डबा असतो. ज्योत एकीवरून दुसरीवर उडी घेते, तेल मात्र सोबत वाहून न्यावे लागते. गाडीतल्या त्या वादाला हे उत्तर पुरेसे आहे, असे आम्हाला वाटते. स्नेह्यांना अजून ते पटलेले नाही. त्यांच्या गाडीतला कप्पा तसाच आहे, आणि त्यात आता एक वायरही ठेवलेली असते.